हमीचा वाटा

लातूरच्या उद्योग भवन परिसरात संध्याकाळचे क्लास सुटले की गल्ल्या मुलामुलींनी भरून जातात. मेसचं जेवण उरकायचं, मग खोली किंवा अभ्यासिका गाठायची आणि नऊच्या सुमारास मोबाईल नाहीतर टॅब समोर घ्यायचा. दिवसा निसटलेलं लेक्चर पुन्हा पाहायचं, टेस्ट सोडवायची, अडलेला प्रश्न सरांना लाईव्ह विचारायचा. नांदेडच्या श्रीनगर, भाग्यनगर भागातही हेच चालतं. राजर्षी शाहू महाविद्यालयाने रुजवलेला ‘लातूर पॅटर्न’ वह्या, प्रश्नसंच आणि अथक सराव यांवर उभा राहिला. आज त्याच सरावात फायबरची लाईनही आली आहे. आणि नऊ ते अकरा या सगळ्यात मोलाच्या दोन तासांत हमखास एक तक्रार ऐकू येते: ‘नेट अडकतंय.’

अभ्यासिकेचा मालक केबलवाल्याला फोन करतो. उत्तर ठरलेलं असतं: ‘साहेब, प्लॅन वाढवा.’ शंभर एमबीपीएसचे दोनशे होतात, बिल वाढतं. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा सरांचा आवाज तुटू लागतो. याचं कारण लाईनच्या वेगात क्वचितच असतं. ते असतं राउटरमधल्या रांगेत, आणि रांग लावण्याचं काम कुणी केलेलंच नसतं. हे काम कसं होतं, त्याचा हिशेब काय आणि तो कुठे चुकतो, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक अभ्यासिकेने, वसतिगृहाने, दवाखान्याने आणि ग्रामपंचायतीने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण वेग विकत मिळतो, पण त्या वेगातला हमीचा वाटा सेटिंग करूनच मिळवावा लागतो.

आधी अडकतं काय, ते पाहू. इंटरनेटवरून जे काही जातं ते तुकड्यांनी जातं. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि मोठं पॅकेट साधारण १५०० बाइटचं असतं. एक एमबीपीएसच्या लाईनवर असं एक पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात. एखाद्या अभ्यासिकेची लाईन डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० एमबीपीएस आहे असं धरू. रात्री एका मुलाचा फोन चार्जिंगला लागतो आणि त्यातले दिवसभराचे फोटो आपोआप क्लाउडवर चढू लागतात. फोन राउटरकडे २० पेक्षा कितीतरी जास्त वेगाने पॅकेटं ढकलतो, पण लाईन तर २० चीच आहे. उरलेली पॅकेटं राउटरच्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, थांबतात. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात ही रांग पूर्वापार १००० पॅकेटांची ठेवलेली असते. आता गुणाकार करा. १००० पॅकेटं म्हणजे १५ लाख बाइट, म्हणजे १.२ कोटी बिट. २० एमबीपीएसने ती रिकामी व्हायला ०.६ सेकंद लागतात. त्या रांगेच्या शेवटी मुलीने सरांना विचारलेल्या प्रश्नाचं इवलंसं पॅकेट उभं असतं.

सहा दशांश सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने संभाषणासाठी सुचवलेली एकेरी विलंबाची मर्यादा १५० मिलिसेकंद आहे. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. इथे विलंब त्याच्या चौपट झाला. लाईन दुप्पट केली तर रांग ०.३ सेकंदांवर येईल, म्हणजे अजूनही मर्यादेच्या दुप्पटच. फोटोंचं काम तेवढ्याने लवकर उरकेल, प्रश्नाला वाट मिळेलच असं नाही.

रांग इतकी भरते, कारण इंटरनेटवरचं बहुतेक दळणवळण ज्या टीसीपी नियमांनी चालतं, त्यात वेग हळूहळू वाढवत नेण्याची आणि पॅकेट गहाळ झालं की मागे हटण्याची रीत आहे. ही रीत एका मोठ्या फजितीतून आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातली लाईन ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून अवघ्या ४० बिटांवर कोसळली. दोन्ही ठिकाणांत अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड. सगळेच संगणक एकदम बोलत होते आणि पोचलं नाही म्हणून तेच तेच पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला: पॅकेट गहाळ झालं की गर्दी आहे असं समजा आणि वेग कमी करा. पुढे स्मृती स्वस्त झाली. राउटर बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले, पॅकेट गहाळ होणं लांबलं आणि गर्दीची खबर पाठवणाऱ्याला उशिरा मिळू लागली. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याला आपल्या घरच्या लाईनवर हा दोष सापडला. त्याने त्याला बफरब्लोट असं नाव दिलं आणि जगभरच्या अभियंत्यांचं लक्ष तिकडे वळवलं.

उपायाची पहिली पायरी ऐकायला विचित्र वाटते: आपली लाईन आहे त्यापेक्षा किंचित कमी वेगाने चालवा. रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी तयार होते. ही जागा केबलवाल्याच्या डब्यात असेल तर तिथल्या रांगेवर आपलं काहीच चालत नाही. म्हणून २० च्या अपलोडला आपल्याच राउटरवर १८ ची, १०० च्या डाउनलोडला ९२ ची मर्यादा घालायची. आता अरुंद जागा आपल्या हातात आली आणि रांगेत पुढे कोण, मागे कोण हे आपण ठरवू शकतो. आठ-दहा टक्के वेग गमावण्याला अनेक मालक तयार होत नाहीत. पैसे शंभरचे मोजले, मग ब्याण्णव का घ्यायचे, असा त्यांचा सवाल असतो. पण शेपिंग म्हणतात ते याच पायरीवर सुरू होतं. ती गाळली तर पुढचं सगळं कागदावर राहतं. दर महिन्याला एकदा गर्दीच्या वेळी लाईन खरोखर किती मिळते ते मोजून हा आकडा तपासावा, कारण लाईनच ८० वर आली असेल तर ९२ ची मर्यादा निरुपयोगी ठरते.

मर्यादा पाळायची कशी, यासाठी राउटर टोकन बकेट नावाची युक्ती वापरतो. ठरलेल्या गतीने टोकनं जमा होत राहतात. पॅकेट पाठवायचं तर त्याच्या आकाराइतकी टोकनं खर्च करायची. नसतील तर थांबायचं. काही वेळ काहीच पाठवलं नाही तर टोकनं साठतात आणि मग थोडा वेळ ठरलेल्या गतीपेक्षा जोरात पाठवता येतं. याला बर्स्ट म्हणतात. वेबपान झटकन उघडावं म्हणून ही सोय चांगली आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: काही सेकंदांच्या स्पीड टेस्टमध्ये दिसणारा आकडा कधीकधी या साठवलेल्या टोकनांचा असतो, तासभराच्या लेक्चरमध्ये मिळणाऱ्या वेगाचा नव्हे.

मर्यादा ही झाली निम्मी गोष्ट. हमी ही दुसरी आणि जास्त महत्त्वाची. नांदेड जिल्ह्यात इसापूर धरणाच्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्याला हा फरक शिकवावा लागत नाही. पाणीपाळीचं वेळापत्रक नसेल तर कितीही पाणी सोडलं तरी वरचेच भिजवत राहतात आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत ओल पोचत नाही. धरणातून जास्त पाणी सोडल्याने टेलचा प्रश्न सुटत नाही. तो प्रत्येकाची पाळी आणि तिचे तास लिहून ठेवल्याने सुटतो. राउटरमध्ये हेच वेळापत्रक आकड्यांत लिहायचं असतं.

लहान शहरांतल्या इंटरनेट पुरवठादारांकडे आणि मोठ्या वसतिगृहांत मायक्रोटिक या लाटव्हियन कंपनीचे राउटर हमखास दिसतात. १९९६ मध्ये रिगा शहरात सुरू झालेल्या या कंपनीचा राउटर स्वस्त असतो आणि त्यात रांगांची सोय भरपूर असते. तिच्या मुळाशी आहे एचटीबी नावाची पद्धत, जी मार्टिन देवेरा या चेक प्रोग्रॅमरने लिनक्ससाठी लिहिली. तिच्यात रांगांचं एक झाड असतं. वर एक पालक रांग, तिच्याखाली मुलांच्या रांगा. प्रत्येक मुलाला दोन आकडे द्यायचे. ‘लिमिट ॲट’ म्हणजे काहीही झालं तरी मिळणारा हमीचा वाटा. ‘मॅक्स लिमिट’ म्हणजे इतरांचा वाटा पडून असेल तर उसना घेऊन जास्तीत जास्त कुठवर जायचं ती हद्द. याशिवाय १ ते ८ असा अग्रक्रम. १ सर्वांत वरचा. पण अग्रक्रम हमीला हात लावत नाही. सगळ्यांच्या हम्या पुरवून जे उरतं ते आधी कुणाला द्यायचं एवढंच तो ठरवतो.

आपल्या अभ्यासिकेच्या डाउनलोडचं झाड असं लावता येईल. पालक रांग ९२ ची. लाईव्ह क्लासच्या खोलीला हमी १०, हद्द ९०, अग्रक्रम १. ऑफिसला, म्हणजे प्रवेश अर्ज, फी, ईमेल यांना, हमी ८. साठ मुलांच्या वायफायला मिळून हमी ६०, हद्द ९०. सॉफ्टवेअर अपडेट आणि बॅकअप यांना हमी २, हद्द २०, अग्रक्रम ८. बेरीज झाली ८०, म्हणजे ९२ च्या आत. रात्री साठही मुलं एकदम बसली तरी प्रत्येकाच्या वाट्याला किमान एक एमबीपीएस येतो आणि साध्या दर्जाचं रेकॉर्डेड लेक्चर त्यात चालतं. वीसच मुलं जागी असतील तर प्रत्येकाला तीन ते साडेचार मिळतात. लाईव्ह क्लास नसेल तेव्हा त्याचे १० रिकामे पडून राहत नाहीत, मुलांकडे जातात. क्लास सुरू होताच ते तत्क्षणी परत येतात. हमी म्हणजे राखीव कुलूपबंद खोली नव्हे, हे या पद्धतीचं खरं सौंदर्य.

अपलोडचं असंच दुसरं झाड लागतं आणि लोक नेमकं तेच विसरतात. सरांचा आवाज, मुलीचा प्रश्न, सीसीटीव्हीचं चित्र, फोटोंचा बॅकअप, सगळं अपलोडमध्येच जातं. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमधलं कीर्तन देशोदेशीचे भाविक थेट प्रक्षेपणातून ऐकतात. जिथून कुठून असं प्रक्षेपण होतं, तिथे अपलोडची हमी नसेल तर आतल्याच कुणाच्या मोठ्या फाईलमुळे हजारो लोकांसमोरचं चित्र गोठतं. आवाजाला तर फार कमी लागतं. जुन्या जी.७११ पद्धतीचा फोनकॉल दर २० मिलिसेकंदांनी २०० बाइटचं एक पॅकेट पाठवतो, म्हणजे सगळे मिळून ८० केबीपीएस. इतक्या छोट्या वाट्याची हमी न दिल्यामुळे आवाज तुटावा, यासारखी टाळता येण्याजोगी गोष्ट नाही.

बेरीज चुकली की काय होतं, हे नीट सांगायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी तीच चुकलेली असते. उत्साहात मालक साठ मुलांना प्रत्येकी दोनची हमी लिहून टाकतो. १२० झाले. राउटर तक्रार करत नाही, सेटिंग मुकाट्याने घेतो. एचटीबीमध्ये खालच्या रांगेची हमी पालक रांगेची हद्द ओलांडूनही पाळली जाते. त्यामुळे ९२ ची भिंत फुटते, गर्दी पुन्हा केबलवाल्याच्या डब्यातल्या रांगेत जाते आणि लिहिलेल्या सगळ्याच हम्या एकदम खोट्या ठरतात. हमीची बेरीज पालकाच्या हद्दीच्या आत ठेवणं हा एकच नियम पाठ केला तरी अर्धं काम झालं.

साठ मुलांच्या वाट्यातही एखादा जास्त ओढणार नाही कशावरून? त्यासाठी मायक्रोटिकमध्ये पीसीक्यू आहे. ती प्रत्येक पत्त्याची वेगळी उपरांग करते आणि आळीपाळीने सगळ्यांना देते. याहून सरस पद्धत म्हणजे एफक्यू-कोडेल. तिच्या मुळाशी असलेली कोडेल कॅथलीन निकोल्स आणि तोच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजते. ठरलेल्या काळापेक्षा जास्त थांबणी सुरू झाली की एखादं पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला वेळीच इशारा देते. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीपासून ती आणि तिचीच पुढची पायरी असलेली केक, दोन्ही उपलब्ध आहेत. ज्या घरात किंवा छोट्या क्लासमध्ये झाडबीड लावायला कुणी जाणकार नाही, तिथे मी सरळ सांगेन: लाईनच्या नव्वद टक्क्यांची मर्यादा घाला आणि केक चालू करा. बाकी काही करू नका.

आता अडचणी. राउटरला कोणतं पॅकेट कशाचं हे ओळखता यायला हवं. पूर्वी आत डोकावून ओळखत. आता बहुतेक दळणवळण कूटबद्ध असल्याने ते जमत नाही आणि जमवूही नये. लाईव्ह क्लासच्या लॅपटॉपला, ऑफिसच्या संगणकाला, कॅमेऱ्यांना कायमचे पत्ते द्यावेत आणि पत्त्यावरून रांग ठरवावी. हा मार्ग सोपा आणि टिकाऊ. पॅकेटवर अग्रक्रमाची खूण लावण्याची पद्धत १९९८ पासून आहे, आवाजासाठी ४६ हा आकडा रूढ आहे, पण आपल्या दाराबाहेर पडल्यावर ती खूण कुणी पाळेल याचा भरवसा नसतो.

दुसरी अडचण फास्टट्रॅकची. मायक्रोटिकमध्ये वेग वाढवण्यासाठी असलेली ही सोय चालू असेल तर पॅकेटं साध्या रांगांना वळसा घालून जातात. सगळी सेटिंग बरोबर दिसते, पण आकडे हलत नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो. ती आधी बंद करावी.

तिसरी अडचण हवेतली. लाईन शंभरची, पण साठ फोन एकाच जुन्या वायफाय डब्यावर असतील तर अरुंद जागा हवेत असते आणि रांगही तिथेच लागते. तिथे राउटरवरची हमी पोचत नाही. लाईव्ह क्लासचा संगणक तारेने जोडणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

डाउनलोडच्या बाबतीत आणखी एक मर्यादा मान्य करावी लागते. पॅकेट आपल्या राउटरपर्यंत पोचलं म्हणजे लाईनचा वेळ खर्च झालेलाच असतो. आपण ते थांबवून किंवा टाकून पाठवणाऱ्याला हळू यायला सांगतो, इतकंच. म्हणून डाउनलोडची हमी अपलोडइतकी काटेकोर नसते.

आणि आपल्या राउटरने दिलेली हमी आपल्या उंबरठ्यापर्यंतच. त्यापुढे पुरवठादाराची लाईन अनेक गिऱ्हाइकांत वाटलेली असते. घरगुती जोडणीत एकाच क्षमतेवर ५० पेक्षा जास्त आणि व्यावसायिक जोडणीत ३० पेक्षा जास्त गिऱ्हाइकं बसवू नयेत, असं दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये सांगितलं होतं. जाहिरातीतल्या आकड्याच्या आधी ‘अप टू’ का असतं, ते यातून कळतं. हमी हवीच असेल तर लीज्ड लाईन घ्यावी लागते. तिथे क्षमता फक्त आपली असते आणि दरही तसाच असतो. रुग्णालयाने किंवा परीक्षा केंद्राने ती घ्यावी. अभ्यासिकेला तिची गरज क्वचितच पडते.

इथे काही जण विचारतात की कुणाला पुढे, कुणाला मागे ठेवणं हे नेट न्यूट्रॅलिटीच्या विरुद्ध नाही का? आपल्या लाईनवर आपण काय आधी जाऊ द्यायचं, हा आपला हक्क आहे. पुरवठादाराने मात्र एका संकेतस्थळाला पैसे घेऊन जलद आणि दुसऱ्याला मंद करू नये. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने भेदभावविरोधी तत्त्वं स्वीकारली. वाजवी वाहतूक-नियोजनाला त्यात जागा ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न अभ्यासिकांपुरता नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस देण्याचं उद्दिष्ट होतं. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा महानेट म्हणून आला. समजा, ही लाईन किनवट किंवा माहूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पोचली. तिच्यावरच आपले सरकार सेवा केंद्र, शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि गावचं मोफत वायफाय चालणार. उपकेंद्रातली परिचारिका ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलत असताना चावडीवर कुणी सिनेमा उतरवत असेल, तर हमी नसलेल्या राउटरला दोन्ही पॅकेटं सारखीच. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण उपाय फुकट आहे. उपकेंद्राला पाच एमबीपीएसची हमी लिहायला दहा मिनिटं लागतात आणि उपकेंद्र बंद असताना ते पाच गावालाच वापरायला मिळतात. सार्वजनिक पैशाने लागलेल्या प्रत्येक राउटरच्या कामाच्या आदेशात हमीचे वाटे लिहिलेले असावेत आणि तो कागद पंचायतीच्या भिंतीवर लावलेला असावा.

तुमच्या लाईनची तपासणी आज रात्रीच करता येईल. संगणकावर पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा, सुरू करा आणि शांत वेळी किती मिलिसेकंद येतात ते लिहून ठेवा. मग मोबाईलवरून एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि पिंगचे आकडे पुन्हा पाहा. वीसचे तीस झाले तर तुमची रांग कुणीतरी नीट लावली आहे. वीसचे चारशे झाले तर प्लॅन वाढवू नका. केबलवाल्याला बोलवा आणि तीन गोष्टी विचारा: गर्दीच्या वेळी किमान किती मिळेल, अपलोड किती आहे आणि राउटरवर मर्यादा व हमी लावून द्याल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय वाढीव बिल भरू नका.